नानाकाकांचा डी.सी. पंखा

२ एप्रिल, बुधवार
दादा गावाहून, पालघरजवळच्या माहीमहून, रिक्षाने पंखा घेऊन आला. आजोबांचा पंखा. बोटीला आग लागली, आजोबांनी कप्तानाच्या पोरीला उचलून बाहेर काढलं, म्हणून कप्तानाने केबिनमधला पंखा त्यांना दिला. लहानपणापासून ऐकत आलोय. १ मेला गावच्या वाचनालयाच्या नव्या हॉलात काचेच्या कपाटात बसणार, खाली पाटी. पाटीवर दादाला साल हवंय.
"आख्खा जन्म पॉवर प्लँटात मोटारी उघडल्यास. सांग कदीचा हाय. शंभर वर्षांचा असंल ना?"
रिटायर झाल्यापासून मी जुने पंखे जमवतो, त्याची आजवर चेष्टा. आज गरज.

५ एप्रिल
मागचं झाकण काढलं. कम्युटेटर, दोन कार्बन ब्रश. डी.सी. नक्की, घरातल्या ए.सी. लाइटवर न चालणारा. प्लेटवरही ११० व्होल्ट डी.सी., कंपनीचं नाव घासून गेलेलं. बोटींवर असेच असायचे, म्हणजे इथपर्यंत दादाची गोष्ट बरोबर. गावात लाइट आली तेव्हा बाबांनी सरळ प्लगमध्ये घातला होता. नुसता गुरगुरला, जळका वास आला, बंद. ती कॉइल अजून काळी आहे.
पण पाती ॲल्युमिनियमची. आजोबांच्या काळची पितळेची हवीत. पायथाही ओतीव लोखंडाचा नाही, हलका. पाती बदलली असतील एक वेळ. पायथा कोण बदलतं?

८ एप्रिल
आतल्या वायरींवर प्लास्टिक. जुन्या पंख्यात रबर, वर सुती वेष्टण. कोणी मागून बदलल्या म्हणावं, तर दोऱ्याची बांधणी आणि त्यावरचं व्हार्निश कारखान्यातलं, अखंड. आतले स्क्रू फुलीच्या खाचेचे, जुन्यात सरळ एकच खाच असते. त्यांच्या डोक्यावरचा रंगही फुटलेला नाही. आत कोणाचा हात लागलेलाच नाही.
स्वातंत्र्यानंतरचा पंखा. सन १९५० ते ६० धरा, याहून नेमकं नाही सांगता येणार. आजोबा वारले तेव्हा बाबा मराठी शाळेत होते आणि इंग्रज इथेच होते.
बायकोला, सुधाला सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुमच्या घरात बोटींशी संबंध आणखी कोणाचा?"
उत्तर येत होतं. उठून पंख्याचं झाकण लावत बसलो.

१० एप्रिल
नानाकाका. बाबांचे धाकटे भाऊ. मुंबईला जुन्या बोटी तोडायच्या कामावर होते. वारली समाजातल्या बाईशी लग्न केलं म्हणून आज्जीने घर बंद केलं. मी त्यांना एकदाच पाहिलं, पालघरच्या बाजारात. बाबांनी माझा हात ओढून रस्ता बदलला. शेवटी बोईसरजवळच्या कुंभवलीत भाड्याच्या खोलीत वारले. आम्हाला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. कळवणार तरी कोण, आणि कुठल्या तोंडाने.

१३ एप्रिल, रविवार
कुंभवलीला गेलो. नानाकाकांची मुलगी प्रमिला तिथेच राहते, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आम्ही बोललो असू आयुष्यात चारदा. मोबाइलवर पंख्याचा फोटो दाखवला. तिने बोटांनी तो मोठा केला.
"हा आज्जीचा ना?"
आज्जीचा?
"बाबा सांगायचे. आज्जीला उकाड्याचा लय त्रास. तुटलेल्या बोटीतला पंखा बाबांनी मागून घेतला आन् गावी नेला. गावात लाइट नाय, तरी नेला. लाइट येल तेवा लावा म्हनाले. तुमच्या बाबांनी पंखा आत घेतला आन् त्यांना वटीवरनंच परत पाठवलं. पानी पन नाय विचारलं."
रडली वगैरे नाही. चहा गाळता गाळता म्हणाली, "त्यांना वाटलं व्हतं, पंख्याच्या मागनं आपन पन आत जाऊ."
चहा कसा होता आठवत नाही.

१५ एप्रिल
दादाला फोन केला. फक्त पंख्याचं सांगितलं. पाती, वायरी, स्क्रू. आजोबांच्या नंतरचा आहे, एवढंच. प्रमिलाचा विषय नाही, कुंभवलीचा नाही.
त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "नान्याचं नाव ह्या घरात निघत नाय. पाटी रंगवून झाली हाय."
नाना हे नाव त्याने घेतलं. मी नाही.
म्हणजे ठाऊक होतं. माझ्याहून मोठा तो. त्या दिवशी ओटीवरच असेल खेळत. कप्तान, आग, पोरगी, सगळं त्यानंतर शिजलं, आणि मला त्यावर फक्त सालाचा शिक्का मारायचा होता.
संध्याकाळी पुतण्या येऊन पंखा घेऊन गेला. जेवून जा म्हटलं, थांबला नाही.

१ मे, गुरुवार
गेलो. सुधा नको म्हणत होती.
गप्पच बसणार होतो. वाचनालयाच्या अध्यक्षांनी भर सभेत मलाच उभं केलं, "पंख्यांचे जाणकार आपल्यातच आहेत." दादा पहिल्या रांगेत, नवा सदरा.
म्हणालो, "पंखा स्वातंत्र्यानंतरचा आहे. आमच्या नानाकाकांनी आज्जीसाठी आणला होता. त्यांना आम्ही घरात घेतलं नाही." बसलो.
मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, न कळून. दादा आजोबांच्या फोटोचा हार सरळ करायला उठला, तो सरळच होता.
परत आलो. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

४ मे
दादाने टेम्पोतून पंखा पाठवून दिला. ड्रायव्हर म्हणाला, "त्यांनी सांगितलंय, ज्याचा हाय त्याला द्या." दादा फोन उचलत नाही.
वाचनालयात पाटी तशीच आहे म्हणे. बोट, आग, कप्तान. कपाट रिकामं, गोष्ट शाबूत.

११ मे, रविवार
कॉइल बोईसरात नव्या तारेने भरून घेतली. घरच्या लाइटची डी.सी. करायला ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर जोडून चालवून बघितला. ब्रशपाशी जराशी ठिणगी, मग सुरळीत. प्रमिलाला बोलावलं.
समोर खुर्ची घेऊन बसली. पदर उडत होता, धरला नाही.
"आज्जीला कदी लागला का ओ ह्याचा वारा?"
नाही म्हटलं. ह्या पंख्याने त्या घरात एकदाही वारा दिला नाही.
"तुझाच आहे, घेऊन जा."
"एवढीशी खोली आमची, ठेवू कुठं?" मग पदर खोचून, "बगते. सांगते."
दारात चप्पल घालताना वळली. "भाऊ, उद्या दादांनी परत मागितला, बोलायला लागले तुमच्याशी, तर द्याल त्यांना?"
नाही म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही.
तिच्या ते लक्षात आलं.