पलंगाखालची बुडबुड

४ नोव्हेंबर
आले एकदाची. खोली छान आहे. मोठी खिडकी, लिहायला टेबल, दाराला आतून भक्कम कडी. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी एकटीनं राहायचं नाही असं बजावलं, म्हणून धाकट्या भावाच्या घरी आले. भाऊ गेल्या वर्षी गेला, याच खोलीत, माझ्यासारख्याच थकलेल्या हृदयानं. आता भावजय एकटीच असते. वन्सं, आता तुम्ही आमच्या शाळेत, असं म्हणून हसली. निवृत्त मुख्याध्यापिकेला हे ऐकवायला धीर लागतो. मीही हसले.

६ नोव्हेंबर
शाळा कडक आहे. उठल्याबरोबर वजनकाटा, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, मग गोळ्या. जेवण वेगळ्या पातेल्यात, अळणी. पाणीसुद्धा मोजून. रक्तदाब शंभराच्या आसपास असतो. भावजय म्हणते, डॉक्टरांना एवढाच हवाय, हृदयावर भार पडत नाही; फक्त उठताना आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं. मी जन्मभर एका दमात उठत आले आहे.

९ नोव्हेंबर
सकाळी उठले आणि भिंत फिरली. कपाट धरलं म्हणून पडले नाही. भावजय लगेच आत आली. इतक्या लगेच कशी? दाराबाहेरच उभी होती का? गोळ्या घेतल्या की चक्कर येते, हे मी ताडलं आहे. भावालाही यायची, फोनवर सांगायचा. त्यालाही गोळ्या हीच द्यायची.

१२ नोव्हेंबर
गोळ्या बंद. गालात धरते, तिची पाठ वळली की रुमालात. गालात चिंचा लपवणाऱ्या मुली पकडण्यात माझी हयात गेली, एवढं मला येतं. मिठाची वाटीही खोलीत आणली आहे. पट्टा आता मीच बांधते. दीडशेच्या वर जातो; तिला शंभर सांगते. चक्कर गेली. म्हणजे काय ते गोळ्यांतच होतं.

१६ नोव्हेंबर
चपला घट्ट होतात. वजन वाढतंय, पण काट्यावर उभी असताना चौकटीला हात टेकला की आकडा जागेवर राहतो. भावजय काट्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते.
दुपारी आडवी झाले की खोलीत बुडबुड ऐकू येते. दूर कुठे पाणी उकळावं तशी. उठून बसलं की बंद. वाकून पलंगाखाली पाहिलं. कोणी नाही. नुसतं वाकल्यानं धाप लागली. दोन उश्या घेतल्या.

१८ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला होता. जागी झाले तर नडगीवर बोटांचे ठसे. ओल्या मातीत उमटावेत तसे खळगे, लवकर भरेनात. मी झोपले असताना ही मला चाचपते. जाब विचारला. म्हणाली, पाय सुजलेत वन्सं, खरं सांगा, गोळ्या घेता ना? यांचेही पाय असेच —
असेच म्हणजे कसे? काय केलंस तू माझ्या भावाला?
आजपासून कडी.

१९ नोव्हेंबर
तीन उश्या. बुडबुड जवळ आली आहे. जेवण दाराबाहेर ठेवायला सांगितलं. ती डॉक्टरांना बोलावते म्हणते. डॉक्टर तिच्याच ओळखीचा — नको.

२० नोव्हेंबर
निजता येत नाही. खुर्चीत बसून लिहिते. पलंग समोर, रिकामा. तरी आवाज —
खोकल्यातून गुलाबी फेस.
नडगीवर बोट दाबलं. माझंच. तसाच खळगा —
श्वास रोखला. बुडबुड थांबली. सोडला —
पलंगाखाली कोणी नव्हतं.

ती दार ठोठावते. रडते. कडी काढा म्हणते. भावाच्या गोळ्या त्याच्या बुटात सापडल्या, म्हणते, तो गेल्यावर — त्यानंही

मी हाक मारते, आवाज फुटत नाही. कडी समोर दिसते.
एका दमात नाही. आधी हात टेबलावर. मग