सदतीस नंबरचं ‘नाही हो’

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून, कारण गेले पंधरा दिवस माझी मान सरळ होत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? आई म्हणते, तू हल्ली जिना भराभर चढतेस आणि गुडघ्याचं नावही काढत नाहीस. तेव्हा एक तर मलम लागू पडलं असावं, किंवा तू आम्हाला सांगणं सोडलं असावंस. दोन गल्ल्यांवर राहणारा भाचा पत्र लिहितो म्हणजे त्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. फिरलंच आहे, पण तोंडी सांगायला बसलो की तू मध्येच चहा ठेवायला उठतेस, आणि तेवढ्यात माझा धीर सुटतो.

आमच्या कार्यालयाचा धंदा मी तुला एकदा समजावून सांगितला होता आणि तू ‘म्हणजे ज्योतिषीच की!’ म्हणाली होतीस. तसं नाही गं. सभागृहात कुठला सभासद कुठल्या कायद्यावर कसं मत देणार, याचा अंदाज आम्ही आधी बांधतो आणि तो वर्तमानपत्रांना नि व्यापाऱ्यांना विकतो. मी अजून तात्पुरताच आहे. माझी खुर्चीसुद्धा तात्पुरती आहे. (तिला चारच चाकं आहेत. पाचवं गेल्या वर्षी कायम झालेल्या एकाने आपल्या खुर्चीला लावून घेतलं.) माझे आधीचे दोन अंदाज चुकले. एका सभासदाने ऐन वेळी टोपी फिरवली आणि दुसरा त्या दिवशी आलाच नाही, त्याला मी काय करणार? पण मॅडमनी निक्षून सांगितलंय, हा तिसरा बरोबर आला तर कायम, चुकला तर शनिवारपासून येऊ नका.

आणि नशीब बघ, वाट्याला आला तो ‘जनकाळजी कायदा’. नाव गोड आहे. पण तो मंजूर झाला की सरकारला कुणाचंही पत्र उघडता येईल, फोन ऐकता येईल, कोण कधी कुणाच्या घरी गेलं ते लिहून ठेवता येईल, आणि त्यासाठी कुणालाही विचारावं लागणार नाही. परवा, शुक्रवारी, मतदान. छत्तीस सभासद बाजूने, छत्तीस विरोधात. छत्तीसचा आकडा म्हणतात तो असा डोळ्यांनी पाहायला मिळाला! उरला एकच, सदतीस नंबरच्या आसनावरचा. सगळ्या कायद्याचं घोडं त्यांच्यापाशी अडलं होतं, आणि ते घोडं माझ्या गळ्यात बांधण्यात आलं. तुझा राजकारणाशी संबंध नाही, तेव्हा हे गृहस्थ तुला माहीत असण्याचं कारण नाही. साठीच्या जरा पुढचे, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परगावी. कोटाचं मधलं बटण नेहमी तुटलेलं. (गेल्या महिन्यापासून ते कुणी तरी शिवलं आहे. दोरा मात्र निळा आहे.)

आमच्याकडे मोजदादीचा नियम आहे. सभासदाच्या तोंडून ‘हो’ निघाला की डाव्या रकान्यात रेघ, ‘नाही’ निघालं की उजव्या. शंभर रेघा झाल्या की माणसाचा कल कळतो म्हणे. आता या गृहस्थांना काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘नाही हो.’ थंडी वाजते का? नाही हो. घाईत आहात का? नाही हो. कायद्याचं काही ठरलं का? नाही हो! आठवड्याअखेर डावीकडे एकशे बारा, उजवीकडे एकशे बारा. मॅडम ‘तळ्यात-मळ्यात’चा शिक्का उचलत होत्या. मी कळवळून सांगितलं की मॅडम, हा ‘हो’ म्हणजे होकार नव्हे, हा ‘अहो’चा धाकटा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, नियमात भाऊबंद बसत नाहीत, जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.

म्हणून मी त्यांच्या मागे लागलो. न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या खुर्चीत बसून, त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मान तिरकी धरली. (मान तेव्हाच गेली. शिवाय न्हाव्याने तिरक्या मानेच्या मापाने कापल्यामुळे माझा एक कल्ला वर आणि एक खाली आहे. आईला वाटतं, फॅशन आहे.) चष्मेवाल्याकडे तीन दिवस त्यांच्या मागे उभा राहिलो, तर चौथ्या दिवशी चष्मेवाल्याने मला धरून आत नेलं आणि डोळे तपासले. नंबर निघाला! एवढे दिवस मी ज्यांच्यावर नजर ठेवत होतो ते मला नीट दिसतच नव्हते. त्याच दिवशी बाहेर आल्यावर सदतीस नंबर माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘अहो, मागे मागे किती दिवस फिरणार? बरोबरच चला की. ही पिशवी तरी धरा.’

पिशवी धरली. आत्या, खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी माझी वही मागितली. माझ्या वहीतून त्यांचं मत काय निघतंय ते त्यांना बघायचं होतं, कारण त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. दोन्ही बाजूचे लोक रोज येऊन कान भरून जातात, आणि दोन्ही बाजू त्यांना खऱ्या वाटतात. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सबंध वही तपासली, अगदी शाळामास्तरासारखी. मंगळवारी मी ‘जेवण एक वाजता’ लिहिलं होतं, तिथे ‘जेवलो नाही, दाढ दुखत होती’ अशी दुरुस्ती केली. मग वही मांडीवर ठेवून म्हणाले, ‘ही गेल्यापासून मी कधी जेवलो ते कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तर लिहून ठेवलंत. माणसावर लक्ष ठेवणारं कुणी तरी असावं हो.’

त्यांच्या या एका वाक्यावर मी आज सकाळी मॅडमना अंदाज देऊन टाकला: ‘बाजूने.’ ज्या माणसाला पाळत म्हणजे माया वाटते, तो दुसरं काय करणार? मॅडम खूश झाल्या, पाचव्या चाकाचं बघते म्हणाल्या. मला मात्र दुपारचा डबा गेला नाही. एवढा भला माणूस, आणि त्याच्या एकटेपणाचा मी अंदाज करून विकला. असो. तू काळजी घे, मलम लावत जा. आईबाबा ठीक.

तुझा भाचा

ता. क. वहीत दर गुरुवारी चार ते सहा या रकान्यात मी ‘वाचनालय’ असं लिहिलं आहे. वाचनालय गुरुवारी बंद असतं. मी समोरच्या पत्रपेटीपाशी उभा होतो आत्या. त्यांनी घंटा वाजवायच्या आधीच तू दार उघडलंस आणि हसलीस. आतोबा गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तसाच पाठ फिरवून निघून आलो. बाकावर सबंध वही तपासणाऱ्या त्या गृहस्थांनी तेवढा एक रकाना दुरुस्त केला नाही. नुसते कान लाल झाले आणि पान उलटलं.

ता. क. २. आता खरं काम. उद्या गुरुवार आहे. त्यांना एवढंच विचार, की परवा हा कायदा झाला तर तुमच्यामागे दुसरा कुणी तरी वही घेऊन फिरेल, तो माझा भाचा असेल का, आणि तो ‘वाचनालय’ लिहील का? तू तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलीस, खासगी बोलणं सुरू झालं की कानावरचं यंत्र काढून ठेवायचीस. तुला हे माझ्यापेक्षा नीट सांगता येईल. त्यांनी विरोधात मत दिलं की माझा तिसरा अंदाजही चुकेल. चुकू दे. फक्त शनिवारी मी घरी का बसलोय ते आईला तू सांग. माझी छाती नाही.

ता. क. ३. आईला बाकीचं काही ठाऊक नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही. उद्या चार ते सहा मी तुझ्या गल्लीत फिरकणार नाही. वाचनालयाच्या बंद दारापुढे पायरीवर बसून राहीन, म्हणजे कुणी चौकशी केलीच तर सांगता येईल की होतो बुवा आम्ही दोघं तिथे.