अंगणात फरशी घालायची नाही

मी, खाली सही करणारी, दोन मुलांची आई नि एका सुनेची सासू. उद्या ऑपरेशन आहे, म्हणून डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी कोणाची टाप नाही.

एक. दागिने लेकीला. वाकलेली बांगडीसुद्धा.

दोन. बँकेतली ठेव नवऱ्याला, पण काढताना लेकीची सही हवी. माणूस देवासारखा आहे. दारात येऊन कोणी गोड बोलला की झुरळांचं औषध म्हणून खडूची भुकटीही घेतो.

तीन. माझं भिंग नणंदबाईंना. बाई, तुम्ही माझ्या घेवड्यावरचे काळे काटेरी किडे साबणाच्या पाण्याने धुऊन काढलेत आणि वर "काय ही घाण!" म्हणालात. ती ठिपकेवाल्या लाल किड्याची पिल्लं होती, मावा खाणारी. ती गेली, मावा माजला, वेल वाळला. आता आधी बघा, मग मारा. फवारणीचा पंप तुम्हाला मिळणार नाही. राग नाही, पण नाही.

चार. घर नि अंगण. चिरंजीव धरून बसलेत की ते आपलंच. मी गेले की अंगणभर फरशी घालणार, म्हणजे मुंग्या-गोगलगायींची कटकट मिटली. बाळा, तुझ्यावर जीव आहे, पण घर तुझ्या बायकोच्या नावे करते.

ही आली तेव्हा पाल दिसली की खाटेवर चढायची. आता म्हणते, राहू दे, झुरळं खाते. महिन्याच्या महिन्याला मी पळीच्या दांड्याने चौकटी ठोकते, ते ती बघायची. मागे तू मोरीच्या चौकटीला रंग दिलास आणि नवी झाली म्हणून मिरवलास. तिने ठोकून पाहिलं नि मला हाक मारली, "आई, इकडे या. पोकळ वाजतंय." तू हसलास. फळी उचकटली तर आत वाळवीचं गाव.

सूनबाई, डाळ-तांदळाला ऊन दाखव, सोंडे होत नाहीत. कुंड्यांखाली पाणी साचू देऊ नकोस, डासांना पाळणाघर नको. सरपण भिंतीला टेकवू नकोस. आणि नवऱ्याला घराबाहेर काढू नकोस, तो निरुपद्रवी आहे.

पाच. पळी कोणाला, ते लिहायचं राहिलं. पण मागच्या खोलीत आत्ता ठकठक चालू आहे. मी सांगितलेलं नाही. आवाज भरीव येतोय. पळी तिच्याच हातात राहू द्या.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही)
वरच्या मजल्यावरची नर्सबाई (सही)
लिहून देणार: मीच (सही, वाकडी आहे पण माझीच)
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, संध्याकाळ