जोडाक्षरं नंतर बघू

५ फेब्रुवारी. सकाळी ६.
रिटायर झालो म्हणजे संपलो, असं आमच्या हिला वाटतं. आजपासून लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझा साक्षरता वर्ग. अकरा बायका, सगळ्या तिथल्याच कामगार. गरिबीचं मूळ निरक्षरता, मी मुळावरच घाव घालणार. मुदत तीन महिने.

संध्याकाळी.
चौघी आल्या. क्वालिटी महत्त्वाची.

१२ फेब्रुवारी.
अकराही हजर! वेग मात्र गोगलगायीचा. इस्त्रीवाली अक्का अक्षर अन् अक्षर मोठ्याने लावत बसते. मी तीस वर्षं हेडक्लार्क होतो. कागदावर नुसती नजर टाकायचो, काम फत्ते.

२० फेब्रुवारी.
निर्णय : जोडाक्षरं नंतर. गरिबांचं सध्या त्यावाचून अडत नाही. ही म्हणाली, म्हणजे ‘गरिबी’ वाचता येईल, ‘दारिद्र्य’ नाही. असल्या विनोदांना मी भीक घालत नाही.

४ मार्च.
लाँड्रीत नवी मशिनं येणार, जुन्या बायकांना काढणार, अशी कुजबुज. अक्काचं घर तिच्या एकटीच्या कामावर चालतं. तिला ठणकावून सांगितलं, काढतात ते अंगठेबहाद्दरांना, सही करणाऱ्याला हात लावायची कुणाची छाती नाही. आता फक्त सहीचा सराव.

११ मार्च.
मॅनेजर भला माणूस. खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाला, नव्या सह्या खऱ्या कागदांवर होऊ द्या, शुक्रवारी छोटासा समारंभ करू. अकरा कागद होते. साक्षीदार म्हणून मी अकराही ठिकाणी सही ठोकली. दोन मिनिटांत. नावं ठेवणाऱ्यांनी बघावं!

१५ मार्च, शुक्रवार.
पहिला नंबर अक्काचा. सही करायची सोडून बाई वाचत बसली. हळूच म्हणालो, अक्का, हे वाचायचं नसतं. ऐकेल तर शपथ. पहिला शब्द ‘स्वेच्छा’, जोडाक्षरांचा, तो सोडला. मग रा. जी. ना. मा. पुन्हा एकदा, सलग. राजीनामा.

अक्काने पेन खाली ठेवलं. म्हणाली, काढायचं तर तुम्ही काढा, मी माझ्या हाताने जायची नाही. कागद घडी करून कमरेला खोचला. बाकी दहाजणींनी पेनाला हात लावला नाही. मॅनेजर माझ्याकडे असा बघत होता, जणू हे मीच शिकवलं. शिकवलंच मुळी!

१८ मार्च.
अकराही आज कामावर. वर्गात त्यांनी मॅनेजरसाठी अर्ज तयार ठेवला होता. ‘आमी जाणार नाही.’ खाली अकरा सह्या. शुद्धलेखनाची चूक माझीच, म्हणून लाल पेन काढलं नाही. मोठ्या मनाने म्हणालो, आणा, साक्षीदार म्हणून सही करतो.

अक्काने शुक्रवारचा कागद पुढे केला. माझ्या सहीवरची ओळ वाचून दाखवा म्हणाली. वाचली. ‘वरील मजकूर मी यांना वाचून दाखवला व तो यांना मान्य आहे.’

कुणी ओरडलं असतं तर मी भांडलो असतो. अक्का रागावली नाही. अर्ज उचलला आणि म्हणाली, गुरुजी, यावर तुमची सही नको.