दुसऱ्या बहिणीचं काय झालं?

मंगळवार, उरायासु, जपान

नात रेवा शाळेसाठी जुन्या इंग्लंडच्या राजकन्येवर लिहिते आहे. जर्मनीच्या राजपुत्राला निवड करता यावी म्हणून भावाने दोघी बहिणी पाठवल्या. पसंत पडली ती पुढे राणी झाली.

"आजोबा, मग दुसरीचं काय झालं?"

"झालं असेल कुठेतरी चांगलं," मी घाईने म्हणालो. बायकोचा घास हातातच राहिला. कशाला बोललो मी?

मी थोरलीला बघायला गेलो होतो. पोहे घेऊन आलेल्या धाकटीला, म्हणजे हिलाच, मागणी घातली. थोरली अक्का अजून सांगलीत एकटीच. दुसरीचं हे झालं.

जेवण झाल्यावर ही म्हणाली, "अक्काला फोन लावा. आज तुम्ही बोला."

काय बोलू? तिकडे आत्ता दुपारचे चार वाजलेत. अक्का झोपली असेल, असं म्हणायचीही सोय नाही.