भुऱ्याचं गुरगुरणं

३ मे
पालेगावला पोचले. टॉवरांमधून वाट काढत रिक्षावाल्याने बरोबर कल्पेश आणि किर्तीच्या जुन्या घरापुढे सोडलं. माडीवरची एकुलती खोली माझी. खिडकीतून एकीकडे क्रेन, दुसरीकडे उरलीसुरली भातशेती. किर्तीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बिघडलेल्या कुत्र्यासाठी कुणी सांगलीहून येऊन राहतं, याचं तिला हसू येत होतं. मी म्हटलं, बिघडलेली कुत्री सुधारण्यावरच माझं पोट आहे.
भुऱ्या गावठी, तांबूस. मला बघून शेपूट हलवत आला, हात चाटला. चावरा वाटत नाही.

४ मे
तक्रार कळली. कल्पेशचे वडील, आबा, गेल्या महिन्यात भुऱ्याला घेऊन बारवीच्या रानात करवंदं काढायला गेले होते. भुऱ्या एकटाच परत आला. दोन दिवसांनी आबाही आले, वाट चुकलो म्हणाले. तेव्हापासून भुऱ्या त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. दोनदा चावलाय. आबा गोठ्यात झोपतात. कल्पेश म्हणतो, सुधारला नाही तर लांब कुठेतरी सोडून देतो. किर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.
आबा हसतमुख. मला पोरी म्हणतात.

७ मे
काम सुरू. आबा अंगणाच्या टोकाला बसतात, भुऱ्या शांत राहिला की त्याला उकडलेली कलेजी. मग आबा थोडे पुढे सरकतात. आबांना हे भारी आवडलं. म्हणाले, "म्हणजे आवडीचं देत देत जवळ जायचं. आणि त्याला कळत पण नाही?"
मी हो म्हटलं.
एक खरं. भुऱ्या रागावलेला नाही, घाबरलाय. आबा दिसले की जागच्या जागी मुततो.

१० मे
भुऱ्या आज गुरगुरला नाही. आबांनी हाताने कलेजी भरवली, बस म्हटलं, तो बसला. आबा घरात जेवायला आले. किर्तीने शिरा केला. सगळे खूश. मी पण असायला हवी. पण बसलेल्या भुऱ्याचे पाय लटलट कापत होते.
सकाळी माझ्या दाराशी पानाच्या द्रोणात करवंदं होती. खाल्ली. गोड होती.

१२ मे
पुन्हा करवंदं. काल आबा दिवसभर अंगणात बसून माझ्या खिडकीकडे बघत होते. आज जिन्याच्या खालच्या पायरीवर. किर्तीला सांगितलं. ती म्हणाली, ताई, म्हातारं माणूस, सावलीला बसलं असेल.
करवंदं खाल्ली नाहीत.

१३ मे
आबा जिन्याच्या मध्यावर. मी त्यांना ओलांडून खाली गेले. पापणी लवत नाही. छाती हलत नाही. नीट बघितलं मी — हलत नाही. भुऱ्या त्यांच्या पायाशी, कान पाडून.
उद्या निघते. भुऱ्याला मागून घेईन. किर्ती देईल.

१४ मे, दुपार
पोलिसांचा फोन आला म्हणून कल्पेश आणि किर्ती सकाळीच बदलापूरला गेले. भुऱ्याला मागायचं म्हणून मी त्यांची वाट बघत थांबले. आत्ता कल्पेशचा फोन. आवाज ओळखू येईना. रानात प्रेत सापडलंय, महिन्याभराचं. पायात ऑपरेशनची सळी. आबांची. कल्पेशने ओळखली.
"ताई, घरात जो आहे ना, तो — तुम्ही कडी लावून घ्या. आम्ही निघालोय."
भुऱ्याला माझ्या खोलीत ओढलं. वरची कडी बसेना, खालची लावली. जिन्यावर कोण आहे का, कळत नाही. भुऱ्या काहीच बोलत नाही. आधी गुरगुरून सांगायचा. मीच ते बंद केलं.

दाराशी कुणीतरी बसलं. आबांचाच आवाज.
"घाबरू नको, पोरी. आज मी इथंच बसतो. उद्या जरा जवळ."


कल्पेश फोन उचलत नाहीये.

बाहेरून हाक आली. मला नाही. भुऱ्याला.
तो उठला. पट्टा हातातून सुटला. कापतोय, तरी दाराकडे चाललाय. खालच्या कडीपर्यंत त्याचं नाक पोचतं, ढकललं की ती सरकते. बस म्हणतेय मी, भुऱ्या, बस — ऐकत नाही, तो आता फक्त बाहेरच्याचं