पायाळू मुलगा आणि आईची कंबर

मुलुंड, ऑगस्ट १९८७

आईस, बाळाचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे. दुकानातली नोकरी झकास.

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलो, म्हणून तुझ्या धरलेल्या कमरेवर लाथ मारायला मला बोलावतेस? याच लाथेच्या उपायाला मास्तर वर्गात हसले, म्हणून तर त्यांच्याशी भांडून फिजिओथेरपीचं कॉलेज सोडलं! पण आईला लाथ? जमणार नाही.

माझ्या कॉलेजच्या वर्गातली सुलक्षणा रोज दुकानावरून जाते. (गिऱ्हाईक ओरडतं, मी बघत राहतो.) तिला तुझ्या कमरेचं सांगितलं. म्हणाली, "नवं संशोधन आलंय, दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहायचं नाही. त्यांना चालायला सांग. आणि तू कॉलेजात परत ये, गाढवा!"

अजून पडूनच आहेस का गं? पायाला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर गाठ. नाहीतर ऊठ, विहिरीपर्यंत चाल.

तू माझ्या खोलीचा जिना चढून आलीस, तर मास्तरांची माफी मागेन.

तुझाच,
बाळा